गाजर खा, पण जेवण सोडू नका





थंडी सुरू झाली की कडोदरा चार रस्त्यापासून आपल्या शाळेच्या वळणापर्यंत लाल गाजरांच्या लाऱ्या उभ्या राहतात. ओल्या मातीचा वास येणारी, पाला तसाच ठेवलेली गाजरे पाहिली की कोणालाही पिशवी पुढे करावीशी वाटते. मला मात्र यंदा गाजरे पाहून आधी एक गोष्ट आठवते, आणि ती सांगण्यासाठीच संपादक शिक्षकांकडून मी या अंकातील जागा मागून घेतली आहे. विषय गाजराचाच आहे. पण खरे म्हणजे ही माझ्याच एका बोलण्याची दुरुस्ती आहे.

माझे शिक्षण बुऱ्हाणपूरला हिंदी माध्यमात झाले. 'रतौंधी' हा शब्द मला 'रातांधळेपणा'च्या कितीतरी आधी आला. त्यामुळे लिहिताना हिंदी वळण येते, ते पालकांनी सांभाळून घ्यावे.

गेल्या जानेवारीत प्रार्थनेनंतरच्या पाच मिनिटांत मी आहारावर बोलले होते. बाजारात गाजर स्वस्त झाले होते, म्हणून तोच विषय घेतला. गाजराने डोळे चांगले राहतात, कातडी चांगली राहते, असे सांगत सांगत शेवटी मी म्हटले, "आणि रोज गाजर खाल्ले की वजनही उतरते." हे म्हणताना मी हसून एका रांगेकडे पाहिले. मुले हसली. मीही हसले. सभा संपली, वर्ग सुरू झाले, मी विसरून गेले.

तीन आठवड्यांनी नववीतील एक विद्यार्थिनी कवायतीच्या तासाला चक्कर येऊन पडली. कार्यालयात आणून पाणी दिले, पाय वर करून झोपवले, आईला फोन केला. तिचा डबा उघडून पाहिला तर त्यात दोन गाजरे होती. तेवढीच. सकाळी चहा, दुपारी दोन गाजरे, रात्री "भूक नाही" म्हणून अर्धी पोळी, असे तिचे तीन आठवडे चालले होते. वडील मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला, आई घरी साडीला स्टोन लावण्याचे काम करते. मुलगी आपणहून भाजी मागते आहे याचा आईला आनंदच झाला होता. डॉक्टरांनी तपासले, रक्त कमी निघाले. पुढे औषध आणि जेवण दोन्ही सुरू झाले, आणि आज ती ठीक आहे. हे लिहिण्याआधी मी तिला आणि तिच्या आईला विचारले आहे.

त्या दिवशी शुद्धीवर आल्यावर मी तिला जरा रागावूनच विचारले, "अगं, हे कोणी सांगितलं तुला?" ती म्हणाली, "मॅडम, तुम्हीच तर सांगितलं होतं."

आता दुरुस्ती. गाजर खाल्ल्याने वजन उतरत नाही. कोणतीही एक वस्तू खाल्ल्याने वजन उतरत नाही, कारण खाणे म्हणजे शरीरात काहीतरी घालणेच आहे. वजनावर परिणाम होतो तो गाजराने ताटातली कोणती दुसरी वस्तू बाजूला सारली, यावर. वडापावच्या जागी गाजर आले तर एक गोष्ट झाली, भाकरी-वरणाच्या जागी आले तर अगदी उलटी गोष्ट झाली. आणि वाढत्या वयाच्या मुलांनी वजन "उतरवण्याच्या" फंदात स्वतःच्या मनाने पडूच नये. हे मी त्या दिवशी सांगायला हवे होते.

थोडा हिशेब मांडते. १०० ग्रॅम कच्च्या गाजरात ढोबळमानाने ४० कॅलरी असतात. जवळजवळ ८८ टक्के तर पाणीच असते. शिवाय सुमारे तीन ग्रॅम तंतू, म्हणजे आपण ज्याला चोथा म्हणतो तो. दोन मध्यम गाजरे दीडशे ते दोनशे ग्रॅम भरतील. म्हणजे त्या मुलीच्या पोटात दुपारी जास्तीत जास्त ८० कॅलरी जात होत्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये जी मानके दिली, त्यांत १३ ते १५ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे २४०० कॅलरी, ४३ ग्रॅम प्रथिने आणि ३० मिलिग्रॅम लोह लागते असे म्हटले आहे. लोह तर प्रौढ पुरुषाच्याही दीडपट! नववीतली मुलगी म्हणजे उंची वाढणारी, हाडे भरणारी, पाळी सुरू झालेली मुलगी. तिच्या डब्यात वडिलांच्या डब्याइतकेच, काही बाबतींत जास्तच, असायला हवे. आपल्या घरांत काय होते ते मी निराळे सांगायला नको. शेवटची भाकरी कोणाच्या वाट्याला येते हे सर्वांना माहीत आहे.

मग गाजराचा वजनाशी काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. आपले पोट भरल्याचे समाधान नुसत्या कॅलरीवर अवलंबून नसते. खाल्लेल्या पदार्थाचे आकारमान, त्यातले पाणी, चोथा, आणि चावायला लागलेला वेळ यांवरही असते. गाजर चावायला वेळ लागतो. वेफर तोंडात घातला की विरघळतो, गाजर तसे विरघळत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४२ स्त्रियांना जेवणाआधी कच्च्या भाज्यांचे सॅलड दिले आणि मग हवे तेवढे जेवू दिले. कमी कॅलरीचे सॅलड मोठ्या वाडग्याने खाल्ले तेव्हा एकूण जेवणातील कॅलरी १२ टक्क्यांनी कमी झाल्या. त्याच सॅलडवर चीज आणि तेलकट मसाला घातला तेव्हा त्या १७ टक्क्यांनी वाढल्या. भाजी सारखीच, पण वर काय ओतले त्याने फरक पडला.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. बुऱ्हाणपूर मावा जिलेबीचे गाव, पण आमच्या घरी हिवाळ्याचा मान गाजर हलव्याचा. "गाजर पौष्टिक असतं" म्हणत आई दुसरी वाटी वाढायची आणि आम्ही पौष्टिक म्हणून तिसरीही खायचो. मोठेपणी मी एकदा कागदावर बेरीज केली. एक किलो गाजर, ४०० कॅलरी. एक लिटर फुल क्रीम दूध, साधारण ८५०. पाव किलो साखर, १०००. १०० ग्रॅम तूप, ९००. काजू-बदाम सोडून देऊ. एकूण तीन हजारांच्या वर बेरीज जाते आणि त्यात गाजराचा वाटा चारशेचा! हलवा खाऊ नका असे मी म्हणत नाही, मी स्वतः खाते. पण तो सणाचा गोड पदार्थ म्हणून खावा. गाजराचे नाव पुढे करून खाऊ नये.

रसाचेही तसेच. एक पेला रस काढायला चार-पाच गाजरे लागतात, चोथा गाळून फेकला जातो आणि साखर तेवढी पेल्यात उरते. चार-पाच गाजरे चावून खायला बसाल तर तिसऱ्यालाच जबडा थांबा म्हणेल. रस मात्र अर्ध्या मिनिटात संपतो.

काही पालकांच्या मनात उलटी भीती आहे. घरात साखरेचा आजार असलेले आजी-आजोबा गाजर खात नाहीत, कारण "गाजर गोड असतं, जमिनीखालचं असतं." ही भीती कुठून आली त्याचाही इतिहास आहे. १९८१ मध्ये कॅनडात टोरोंटो येथे डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी पदार्थ खाल्ल्यावर रक्तातील साखर किती वेगाने चढते याची पहिली यादी केली, तिला ग्लायसेमिक इंडेक्स म्हणतात. त्या यादीत गाजराला ९२ आकडा मिळाला, ग्लुकोजच्या १०० च्या जवळपास. पुढच्या मोजण्यांत तो निम्म्यावर आणि कच्च्या गाजराचा त्याहूनही खाली आला. शिवाय १०० ग्रॅम गाजरात साखर असते किती? पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चमचा. चहात दोन चमचे घालून घेणाऱ्याने गाजराला भिण्याचे कारण नाही. अर्थात ज्यांचे औषध चालू आहे त्यांनी आपल्या डॉक्टरांचेच ऐकावे, मुख्याध्यापिकेचे नव्हे.

डोळ्यांबद्दलही मी जरा जास्तच बोलले होते. गाजरात बीटा-कॅरोटिन नावाचे रंगद्रव्य असते, शरीर त्यापासून 'अ' जीवनसत्त्व बनवते आणि डोळ्याच्या पडद्याला अंधुक उजेडात पाहण्यासाठी ते लागते. त्याची कमतरता असलेल्या मुलाला संध्याकाळनंतर दिसेनासे होते, पुढे बुबुळालाही इजा होऊ शकते. भारतात १९७० पासून लहान मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे तो यासाठीच. नऊ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी अंगणवाडीत किंवा दवाखान्यात हा डोस मिळतो. बालवाडीच्या पालकांनी आपले कार्ड काढून पाहावे. पण ज्याला कमतरता नाही, त्याचा चष्म्याचा नंबर गाजराने जात नाही. गाजराने दृष्टी गरुडासारखी होते ही समजूत जगभर पसरली ती दुसऱ्या महायुद्धात. इंग्लंडचे वैमानिक रात्रीच्या अंधारात जर्मन विमाने पाडू लागले, तेव्हा विमानात बसवलेल्या नव्या रडारचे गुपित उघड होऊ नये म्हणून त्यांचा जॉन कनिंगहॅम हा वैमानिक भरपूर गाजरे खातो, अशी बातमी सोडण्यात आली. त्यांच्या अन्न मंत्रालयाने तर 'डॉक्टर कॅरट' नावाचे चित्रपात्रच काढले. साखर आणि लोणी रेशनवर होते, गाजरे मात्र मुबलक होती. लोकांनी विश्वास ठेवला, आणि ऐंशी वर्षांनी कडोदऱ्याच्या प्रार्थनासभेत मीही तेच सांगितले. मराठीत 'गाजरपारखी' असा एक शब्द आहे. तो मला लागू पडतो.

आता गाजराच्या बाजूनेही लिहिले पाहिजे, नाहीतर उद्या सर्व डब्यांतून गाजर गायब होईल आणि मला पुन्हा एक लेख लिहावा लागेल!

आपल्या गुजरातेतलीच एक गोष्ट आहे. जुनागढ जिल्ह्यातील खामध्रोळ गावचे शेतकरी वल्लभभाई वसरामभाई मारवणिया यांनी १९४३ मध्ये एक गोष्ट हेरली. त्यांच्या भागात गाजर हे जनावरांचे खाद्य होते, दुधाची प्रत सुधारावी म्हणून गायी-म्हशींना घालत. त्यांनी गाजरे बाजारात नेऊन माणसांना विकली आणि चांगला भाव मिळवला. मग वर्षानुवर्षे उत्तम गाजरे निवडून त्यांचेच बी राखत त्यांनी 'मधुवन' नावाचे वाण तयार केले. त्याच्या तपासणीत वाळलेल्या वजनावर किलोला सुमारे २७७ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन आणि तितकेच लोह आढळले. साध्या गाजरात लोह फारच थोडे असते, म्हणून हे विशेष. २०१७ मध्ये त्यांना राष्ट्रपती भवनात नवप्रवर्तनाचा राष्ट्रीय पुरस्कार आणि २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. विद्यार्थ्यांनी ही गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. जे घरोघरी गोठ्यात पडत होते ते एका शेतकऱ्याने उचलून नीट पाहिले.

आपल्या बाजारात हिवाळ्यात येते ते लाल देशी गाजर. त्याचा लाल रंग टोमॅटोसारखाच लायकोपिनमुळे असतो. बारा महिने मिळणारे केशरी गाजर निराळ्या जातीचे, त्यात बीटा-कॅरोटिन अधिक. दोन्ही चांगली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने लाल 'पुसा रुधिरा' आणि काळे 'पुसा असिता' अशी वाणेही काढली आहेत. काळे गाजर इकडे फारसे दिसत नाही.

खाण्याची एक गोष्ट मात्र गृहिणींनी लक्षात घ्यावी. गाजरातले बीटा-कॅरोटिन तेला-तुपाच्या संगतीतच अंगी लागते आणि थोडे शिजवले की जास्त मिळते. म्हणून आपली कोशिंबीर, दाण्याचे कूट घालून वर मोहरीची फोडणी दिलेली, ही नुसत्या कापलेल्या गाजरापेक्षा सरस. गुजराती शेजारणीकडचा गाजराचा संभारो, मोहरी-हिरव्या मिरचीवर दोन मिनिटे परतलेला, हा तर मला आदर्शच वाटतो. त्याला एक चमचा तेल पुरते. खान्देशातून आलेल्या आपल्या घरांत बाजरीच्या भाकरीच्या पिठात मेथीबरोबर किसलेले गाजर सहज जाते. खिचडीत जाते. कच्चे द्यायचे तर वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावे. मातीतून जंतांची अंडी पोटात जातात, आणि १० फेब्रुवारीला जंतनाशक गोळी देऊन वर्षभर न धुतलेली गाजरे खाण्यात अर्थ नाही. चार वर्षांखालील मुलाला गोल चकत्या देऊ नयेत, घशात अडकतात. लांब पातळ फोडी किंवा कीस द्यावा.

फार गाजर खाल्ल्याने तळहात पिवळे होतात, तेव्हा कावीळ म्हणून घाबरून जाऊ नये. कावीळ असेल तर डोळ्यांचे पांढरे पिवळे होते, गाजराने ते होत नाही. गाजर कमी केले की रंग जातो. पण गाजरातले तेच द्रव्य गोळीतून घेणे ही निराळी बाब आहे, आणि हे मी बिडी-सिगारेट ओढणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी मुद्दाम लिहिते. फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल या आशेने काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिनची गोळी दिली. १९९४ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. भाजी खाण्याने असे झालेले नाही. मेडिकलमधून "डोळ्यांची ताकदीची गोळी" आणणाऱ्यांनी बिडी आधी सोडावी.

आता वजनाकडे परत येते, कारण त्या मुलीचे दुखणे गाजराचे नव्हतेच. ते आमच्या हसण्याचे होते.

आपल्या राज्याची स्थिती अशी की एकाच वर्गात दोन्ही टोके बसलेली असतात. २०१९-२० च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गुजरातेतील पाच वर्षांखालील ३९.७ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची होती. त्याच पाहणीत पाचातील एकीहून अधिक स्त्रिया जास्त वजनाच्या होत्या आणि ६५ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. म्हणजे जाड दिसणारी स्त्रीसुद्धा उपाशी असू शकते, रक्ताने. आणि बारीक दिसणाराही निर्धास्त नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचा आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकर डॉक्टरांची २१.२ टक्के! वजनकाटा सर्व काही सांगत नाही, आणि नुसती नजर तर काहीच सांगत नाही.

मुलांच्या बाबतीत तर मोठ्यांचे तक्ते चालतच नाहीत. पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी निराळे तक्ते आहेत. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामावर आधारलेले हे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये स्वीकारले. त्यात वय, उंची, वजन आणि मुलगा की मुलगी हे सर्व पाहून ठरवतात. वजन जास्त वाटले तर डॉक्टर बहुधा मुलाला उपाशी ठेवायला सांगत नाहीत. वजन थोडे थांबवून उंचीला पुढे जाऊ देतात. मैदानावर पाठवतात. हे काम डॉक्टरांचे आहे. "जाड्या", "ढोली", "हडकुळा" अशी नावे ठेवणे हे काम कोणाचेच नाही. त्यात आम्ही शिक्षकही आलो, आणि पहिली मी. शिक्षक सभेत मी हे मान्य केले आहे आणि स्नेहसंमेलनाच्या नाटुकल्यांतून "जाड्या"चे पात्र काढायला सांगितले आहे. एका शिक्षकांनी विचारले, "मॅडम, मग विनोद कशावर करायचा?" मी म्हटले, मुख्याध्यापिकेवर करा. त्यांनी केला, बरा झाला होता.

डब्याविषयी. सरकारी माध्यान्ह भोजनात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलाला ७५ ग्रॅम भाजी धरलेली आहे. आपल्या मोठ्या वर्गांतील डबे मी गेल्या सहा महिन्यांत अधूनमधून पाहिले. पोळी आणि बटाटा, पोळी आणि चटणी, पोळी आणि पाच रुपयांचे पाकीट, असेच जास्त दिसले. मी आयांना दोष देत नाही. पहाटे पाचला उठून डबे भरून, दिवसभर मान वाकवून साडीवर स्टोन चिकटवणाऱ्या बाईला "रंगीबेरंगी आहार द्या" असे सांगायला मला लाज वाटते. पण हिवाळ्यात दोन वडापावच्या पैशांत बहुधा किलोभर गाजर येते आणि ते सोलायला नवऱ्यालाही येते. पाळी संपवून आलेल्या वडिलांनी रात्री चार गाजरे धुऊन ठेवली तरी पुष्कळ झाले. भाकरी, उसळ किंवा वरण, आणि बाजूला गाजर. भाकरी-उसळ काढून गाजर ठेवायचे नाही, एवढेच पुन्हा सांगते. आणि मुलींनो, आठवड्याची लोहाची निळी गोळी खिडकीतून बाहेर टाकू नका. बागेत झाडे चांगली वाढली आहेत, तुमचे रक्त वाढलेले नाही.

फाटकाबाहेरच्या लारीबद्दल विश्वस्तांमध्ये दोन मते आहेत, ती मला ठाऊक आहेत. २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अति तेलकट, खारट, गोड पदार्थ विकता येत नाहीत. नियमाकडे बोट दाखवून लारी हलवता येईल. पण लारीवाले भाऊ आपल्याच समाजाचे आहेत, त्यांची दोन मुले आपल्याच शाळेत शिकली. ती लारी पन्नास मीटर सरकली म्हणजे मुले पन्नास मीटर चालत जातील, हेही खरे. मी त्यांच्याशी बोलले. काकडी-गाजर ठेवा म्हटले, तर ते अहिराणीत हसून म्हणाले, "मॅडम, गाजर कोन खाई?" पहिल्या दिवशी कापलेली गाजरे वाळून पांढरी पडली आणि त्यांचे नुकसान झाले. मग त्यांनी आपल्या डोक्याने उकडलेले हरभरे, किसलेले गाजर, कांदा, लिंबू आणि तिखट-मीठ असा कागदाच्या शंकूतला प्रकार काढला. तो दहा रुपयांत रोज बऱ्यापैकी खपतो. वडापाव बंद झालेला नाही. तेलाची कढई बदला, तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, हे मी त्यांना सांगत असते, ते ऐकतात आणि विसरतात. गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, असा हा प्रयोग आहे. तो चालू द्यावा आणि लारी हलवण्याचा ठराव तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. ते मी येत्या सभेत मांडणार आहे.

दुसरी मागणी वेळेची. आपली मधली सुट्टी वीस मिनिटांची. त्यात हात धुण्याच्या रांगेत पाच-सात मिनिटे जातात, कारण चालू नळ तीनच आहेत. उरलेल्या तेरा-पंधरा मिनिटांत भाकरी आणि गाजर चावून खाणे शक्य नाही. पाकीट फोडून तोंडात ओतणे मात्र शक्य आहे, आणि मुले तेच करतात. सुट्टी तीस मिनिटांची करावी आणि आणखी चार नळ बसवावेत. शेवटचा तास दहा मिनिटांनी पुढे जाईल, दुपार पाळीच्या पालकांना त्रास होईल, रिक्षावाले कुरकुर करतील. ते मी समजावीन. बक्षीस समारंभाला दर वर्षी जे वेफर आणि पेढ्याचे पाकीट देतो, त्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की आणि एक फळ द्यावे, खर्च जवळपास तेवढाच येईल. यावर कोणाचा आक्षेप असेल तर सभेआधी कार्यालयात येऊन मला सांगावा.

ती मुलगी आता दहावीत आहे. मागच्या आठवड्यात तिच्या वर्गावर गेले तेव्हा तिच्या डब्यात बाजरीची भाकरी, मठाची उसळ आणि काकडी होती. मी विचारले, "गाजर नाही आणलं?" म्हणाली, "नको मॅडम, गाजराचा वासही नको वाटतो आता." मी आग्रह केला नाही. शेजारच्या मुलीने आपल्या डब्यातला संभारो माझ्यापुढे केला, तो मी खाल्ला. मीठ जरा जास्त होते.

आपली,
मुख्याध्यापिका